मुरगाव बंदरातली ती आग आणि आमचे आप्पा



गेल्या फेब्रुवारीत आम्ही घरची पाच माणसं कॅराव्हॅन घेऊन दक्षिण गोव्याचा किनारा फिरून आलो. सहलीचे फोटो मुलानं टाकलेच आहेत, आणि 'काका, या वयात कॅराव्हॅन?' असं विचारणाऱ्यांचे फोनही येऊन गेले. पण मला लिहायचं आहे ते त्या सहलीतल्या एका संध्याकाळबद्दल. ती नीट समजायची तर आधी थोडं फिरणं आणि थोडा इतिहास सांगायला हवा. लांबलं तर सांभाळून घ्या. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे नोंद पूर्ण केल्याशिवाय पान उलटवत नाही.

गाडी मुलानं पुण्याहून भाड्यानं आणली होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि एक अगदी अरुंद संडास. माझ्या गुडघ्यांना तोच मोठा आधार. नोकरीत असताना नऊ बदल्या झाल्या, दर वेळी ट्रकमध्ये संसार भरून हलवला. या वेळी संसारात बसूनच हललो. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट आणि मोले करत संध्याकाळी काणकोणात उतरलो. सुनेनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला म्हणून कुंद्याचे चार डबे घेतले होते. गाडी लावायला अंगण देणाऱ्यांच्या हातात तेच पडले.

ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी एक सांगतो. गोव्यात पुळणीवर गाडी नेता येत नाही आणि उघड्यावर स्वयंपाक करायलाही बंदी आहे. योग्यच आहे. कुणाच्या तरी अंगणात रीतसर विचारून, पैसे देऊन गाडी लावायची आणि समुद्रावर चालत जायचं.

पहिले दोन मुक्काम गालजीबागला केले. एका बाजूला तळपण नदी, दुसऱ्या बाजूला गालजीबाग नदी आणि मध्ये सुरूच्या झाडांची रांग असलेली लांबलचक शांत पुळण. इथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. पन्नासेक दिवस वाळूची ऊबच काय ते बघते. ऊब जास्त असली की माद्या जास्त निपजतात, कमी असली की नर, असं वनखात्याच्या माणसानं नातीला समजावून सांगितलं. प्रत्येक घरट्याभोवती जाळी आणि त्यावर तारखेची पाटी होती. मला एकदम मुदत ठेवीची पावती आठवली. ठेवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख!

एकेकाळी ही अंडी लोक उकरून नेत आणि खात. १९९०च्या दशकात उत्तर गोव्यात मोरजीला गावकरी आणि वनखातं यांनी मिळून राखण सुरू केली, मग इकडे गालजीबाग आणि आगोंदलाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एका घरट्यातली पिल्लं बाहेर पडली. तळहातात मावतील एवढी, काळपट. त्यांना पाण्याकडे जाताना बघायला आम्ही जरा लांब, बॅटरी बंद करून उभे होतो. समुद्रावरचा उजेड बघून ती दिशा धरतात. आपला दिवा दिसला तर उलटी फिरतात. मर्यादवेलीच्या जाळ्यात एक पिल्लू अडकलं, ते वनखात्याच्या माणसानं सोडवलं. वर सुरूवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड वाट बघत बसलाच होता. नात म्हणाली, "आजोबा, याला हाकला ना." मी म्हटलं, "त्याचंही घर आहे बाळा, त्यालाही पोट आहे."

तिथून आगोंद करून काब द रामचा किल्ला बघितला. वनवासात राम इथं राहिले अशी कथा, म्हणून ते नाव. पोर्तुगीजांच्या काळात या किल्ल्यात तुरुंगही होता. पुढं बेतुल, मडगाव आणि मग बोगमाळो. बोगमाळोहून ही आणि नात होडीनं ग्रांद बेटाच्या बाजूला जाऊन डॉल्फिन बघून आल्या. मी नौदलाच्या विमानांचं संग्रहालय बघितलं. बाहेर मांडलेली जुनी विमानं बघताना नातीनंच विषय काढला. "आजोबा, ही विमानं लढायला होती ना? मग आपल्याकडे कधी युद्ध झालं होतं का?"

मी म्हटलं, "झालं होतं. चल, जागाच दाखवतो."

संध्याकाळी आम्ही वास्कोवरून सड्याला गेलो. मुरगावच्या डोंगराचं हे टोक. बंदराच्या आत आपल्याला जाता येत नाही, पण वरून सगळं दिसतं. खाली धक्के आणि क्रेन, समोर झुआरीचं मुख आणि पलीकडे दोना पावला. नातीला तिथं बसवलं आणि आमच्या आप्पांची गोष्ट सांगितली. आप्पा म्हणजे माझे वडील.

आप्पा विशीत असताना, १९४१ साली, बेळगावहून वास्कोला गेले. माझी आत्या तिथं दिली होती. आतोबा रेल्वेत होते, ते क्वार्टरमध्ये राहत. आप्पा एका पेढीवर गुमास्ता म्हणून लागले. कॅसलरॉकवरून रेल्वेनं आलेला माल बंदरात चढवायचा आणि बंदरातला इकडे पाठवायचा, त्याच्या चिठ्ठ्या लिहायचं काम. तेव्हा बेळगावचा माणूस गोव्यात नोकरीला जाणं यात विशेष काही नव्हतं. मधे सरहद्द होती, जकातीचं नाकं होतं, पण गाडीत बसलं की संध्याकाळी बहिणीच्या घरी जेवायला.

त्या वेळी मुरगाव बंदरात चार परकी जहाजं अडकून पडली होती. एहरेनफेल्स, द्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि अनफोरा हे इटालियन. सगळी मालवाहू. महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश आरमाराच्या हाती लागू नये म्हणून ती पोर्तुगालच्या तटस्थ बंदरात शिरली होती. बाहेर पडावं तर ब्रिटिश टपलेले आणि आत राहावं तर पैसे संपत आलेले. आप्पा सांगायचे की त्यातले खलाशी पुढं पुढं बाजारात घड्याळं, बूट, काय असेल ते विकायचे. पेढीशेजारच्या दुकानात एक जण चहा प्यायला यायचा आणि खुणांनी बोलायचा. त्याला आप्पांनी 'केळं' हा शब्द शिकवला होता.

आता आप्पांची मुख्य गोष्ट. ते म्हणायचे, "इंत्रुजाचे दिवस होते. गावात नाचगाणी चाललेली. आम्ही झोपलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर धडाड् धडाड् आवाज झाले. बाहेर आलो तर बंदराच्या बाजूला आभाळ तांबडं झालं होतं. एक जहाज पेटलेलं, मग दुसरं, मग तिसरं. सकाळी धक्क्यावर गेलो तर पोर्तुगीज शिपायांनी हुसकलं. पाण्यावर तेल जळत होतं. गावात सगळे म्हणत होते, जर्मनांनीच आपली जहाजं जाळली."

ही गोष्ट ते घरी पाहुणे आले की हमखास सांगायचे. लहानपणी आम्हाला ती आवडायची. मोठे झालो तशी खोटी वाटायला लागली.

१९६९ साली मी बी. कॉम.ला होतो. ताईला बघायला मंडळी आली होती. आप्पांनी गोष्ट सुरू केली आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आप्पा, गोवा पोर्तुगीजांचा. पोर्तुगाल युद्धात तटस्थ. आमच्या पुस्तकात कुठंच नाही हे. तिथं महायुद्धातली जहाजं जळतील कशी?" पाहुणे हसले. मीही हसलो. आप्पा एवढंच म्हणाले, "बरं. तुझ्या पुस्तकात नसेल तर नसेल." त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. १९७६ साली ते गेले.

१९७८ साली जेम्स लिझर या ब्रिटिश लेखकाचं 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक आलं आणि १९८०मध्ये त्यावरून 'द सी वुल्व्हज' हा इंग्रजी सिनेमा. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. चित्रीकरण गोव्यातच झालं होतं. मी तो मुंबईला बँकेच्या ट्रेनिंगला गेलो असताना बघितला, दोन मित्रांबरोबर, करमणूक म्हणून. पडद्यावर मुरगाव आणि एहरेनफेल्स ही नावं आली आणि मी खुर्चीतच ताठ झालो. पुढचा सिनेमा काय बघितला ते आठवत नाही. आप्पांना जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती.

मग पुस्तक मिळवून वाचलं. झालं होतं ते असं. एहरेनफेल्सवर छुपं बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. पण गोवा तटस्थ. तिथं आरमार घुसवलं तर पोर्तुगालशी वाकडं येणार. म्हणून त्यांच्या गुप्त युद्धखात्यातल्या लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांनी एक युक्ती काढली. कलकत्ता लाइट हॉर्स नावाचं हौशी घोडदळ होतं. त्यात कलकत्त्याच्या कंपन्यांमधले गोरे साहेब. दिवसा हापिस, संध्याकाळी क्लब, बरेचसे पोट सुटलेले. त्यातले चौदा जण आणि कलकत्ता स्कॉटिश या पलटणीतले चार निवडले. पकडले गेलेच तर सरकार म्हणणार, आम्ही यांना ओळखत नाही.

फीबी नावाची गाळ वाहणारी एक बार्ज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून कोचीला आली. माणसं रेल्वेनं कोचीला पोहोचली आणि तिथून बार्जनं मुरगावला. तारीख ९ मार्च १९४३. पुढं मी जुनं कॅलेंडर काढून ताळा करून बघितला. त्या वर्षी ईस्टर अगदी उशिरा, २५ एप्रिलला होता. म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस बरोबर ९ मार्च. आप्पांचे 'इंत्रुजाचे दिवस' तारखेनिशी जुळले. जर्मन अधिकारी आणि खलाशी जहाजावर कमी असावेत म्हणून त्या रात्री गावात मेजवान्यांची व्यवस्थाही केलेली होती.

बार्ज एहरेनफेल्सला भिडली, माणसं वर चढली आणि झटापट झाली. कॅप्टन रोफर आणि त्यांचे चार खलाशी मारले गेले. हल्ला करणाऱ्यांपैकी कुणीही मेलं नाही. जहाज शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून खलाशांनी आधीच तयारी ठेवली होती. त्यांनी जहाज पेटवलं आणि बुडवलं. ते बघून बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांना वाटलं आता आपली पाळी, आणि त्यांनीही आपापली जहाजं जाळून बुडवली. तोवर बार्ज अंधारात निघूनही गेली होती.

आता हिशेब बघा. चारपैकी तीन जहाजांवर ब्रिटिशांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. ती खरोखरच त्यांच्याच माणसांनी जाळली. एहरेनफेल्सलाही आग लावली ती तिच्याच खलाशांनी. म्हणजे 'जर्मनांनीच जाळली' ही वास्कोच्या बाजारातली बातमी जवळजवळ बरोबर होती. फक्त पहाटे येऊन गेलेली बार्ज कुणाला माहीत नव्हती, आणि ती पुढं पस्तीस वर्षं जगालाही माहीत नव्हती. मग आप्पांच्या गोष्टीत चूक ती काय? आणि माझ्या पुस्तकात तरी काय होतं?

१९८५ साली माझी बदली वास्को शाखेत झाली. आत्या तेव्हा थकली होती, पण होती. शाखेत दर महिन्याला पेन्शन न्यायला एक म्हातारे गोदी कामगार यायचे. एकदा गर्दी नव्हती, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी पासबुक बाजूला ठेवलं, बंदराकडे हात केला आणि कोंकणीत म्हणाले, "मळब तांबडें जाल्लें." आभाळ तांबडं झालं होतं. आप्पांचे तेच शब्द. त्या दिवशी संध्याकाळी कॅश बंद करताना आकडा तीनदा चुकला.

त्या म्हाताऱ्यांनी आणखी एक आठवण सांगितली. आप्पाही ती सांगायचे, पण आम्ही तिकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुरगावला दोन मोठी प्रवासी जहाजं लागली. जपानचं तेइया मारू आणि स्वीडनचं ग्रिप्सहोम. एकात जपानच्या ताब्यात अडकलेले अमेरिकन आणि इतर नागरिक, दुसऱ्यात अमेरिकेकडून आणलेले जपानी. दोन्हीकडे सुमारे दीड हजार माणसं, बायकामुलांसकट. धक्क्यावर त्यांची अदलाबदल झाली आणि दोन्ही जहाजं परत फिरली. तटस्थ बंदर होतं म्हणूनच हे जमलं. आप्पा म्हणायचे, "मार्चमध्ये तिथं माणसं मेली आणि ऑक्टोबरात तिथूनच माणसं घरी गेली."

नातीनं इथं मला थांबवलं. "मग पणजोबा वास्कोलाच का नाही राहिले?"

तो भाग मला सांगायचा नव्हता, पण सांगितला.

१९४८ साली आप्पा बेळगावला परतले, लग्न झालं, दुकान टाकलं. आजी कधी आमच्याकडे, कधी आत्याकडे असायची. १९५५च्या उन्हाळ्यात आत्याच्या बाळंतपणाला म्हणून ती वास्कोला गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसच्या वर माणसं गेली. भारतानं पोर्तुगालशी संबंध तोडले. कॅसलरॉकहून गोव्यात जाणारी रेल्वे बंद झाली. जायचं तर परवाने हवेत, आणि ते मिळवणं आमच्यासारख्या दुकानदाराच्या आवाक्यातलं नव्हतं. लोंढ्यापर्यंत गाडी जात होती, पुढचा घाट मात्र परका देश झाला. आजी तिकडेच राहिली. १९५८ साली तिकडेच गेली. आप्पांना पत्र मिळालं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी आठ वर्षांचा होतो. आप्पा मागच्या परसात जाऊन विहिरीजवळ बराच वेळ उभे होते, एवढं आठवतं. सबंध महायुद्धात आप्पा बहिणीकडून बेळगावला जाऊन येऊन होते. पण पुढं शांततेच्या काळात एकुलता एक मुलगा आईला खांदा द्यायला पोहोचू शकला नाही.

१९६१च्या डिसेंबरात बेळगाव लष्करानं भरून गेलं. स्टेशनवर लष्करी गाड्या, कॅम्पात ट्रकच्या रांगा, सांबऱ्याकडून विमानांचे आवाज. आम्हा पोरांना मजा वाटत होती. १८ तारखेला कारवाई सुरू झाली. याच झुआरीच्या मुखाशी 'बेतवा' आणि 'बियास' या आपल्या युद्धनौकांनी 'अफोन्सो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठलं. ती घायाळ होऊन पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन रुतली. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरताना मात्र आपल्या नौदलाचे सात जवान कामी आले. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनी शरणागती पत्करली. त्या रात्री बेळगावात पेढे वाटले गेले. आप्पा पेढा हातात धरून बसले होते.

१९६२च्या सुरुवातीला, मिळेल त्या वाहनानं, ते आत्याकडे गेले. आठ दिवसांनी परतले ते आजीचं ताम्हन आणि पळी घेऊन. ते ताम्हन आजही आमच्या देवघरात आहे.

एवढं सांगेपर्यंत सड्यावर अंधार पडला होता. खाली बंदरातले दिवे लागले होते. एहरेनफेल्स ज्या पाण्यात जळलं त्याच पाण्यावर आता मोठमोठी जहाजं उभी होती. नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, पणजोबा जसं सांगायचे तसं परत सांगा. मी रेकॉर्ड करते."

मग मी आप्पांच्याच शब्दांत सुरुवात केली. इंत्रुजाचे दिवस होते. गावात नाचगाणी चाललेली. या वेळी मधे कुणी बोललं नाही. सगळं सांगून झाल्यावर मोबाइल बंद करून ती म्हणाली, "यात केळंवाल्या खलाशाचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. आप्पांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी पणजीवरून चोर्ला घाटानं बेळगावला परतलो. गाडी परत करताना चाळीस किलो वाळू निघाली असं मुलगा म्हणतो, पण त्याचा हिशेब मी तपासलेला नाही.

मंडळी, आपल्या या भागात बेळगाव, खानापूर, कारवार, सावंतवाडी आणि गोवा इथं अशी किती तरी घरं आहेत ज्यांची माणसं १९५५ ते १९६१ या काळात सरहद्दीच्या दोन बाजूंना राहिली. कुणाकडे त्या वेळची पत्रं, परवाने, फोटो असतील तर खाली जरूर लिहा. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर त्यांची 'नेहमीची तीच' गोष्ट आज एकदा पूर्ण ऐकून घ्या. तारखा नंतर जुळवता येतात.